दार बसवायचंय: हातहत्यारं, ड्रिल की सगळी मशिनं?

चौकट शाबूत आहे, जुनं दार मात्र खालून फुगलंय किंवा वाळवीनं खाल्लंय, आणि नवं फ्लश डोअर आणून घरीच बसवायचा विचार आहे, असं धरून हे लिहितोय. चौकटही बदलायची असेल तर भिंत फोडणं, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) गाडणं, सिमेंट भरणं हे सगळं येतं. ते गवंड्याचं काम, त्यात इथे शिरत नाही.

हत्यारांचे ढोबळमानाने तीन पर्याय पडतात. पहिला, निव्वळ हातहत्यारं: रंधा, पटाश्या, मोगरी, करवत, गिरमिट, स्क्रूड्रायव्हर. दुसरा, रंधा आणि पटाशी हातचीच, पण भोकं आणि स्क्रू यांच्यासाठी ड्रिल मशीन. तिसरा, सगळंच विजेवर: इलेक्ट्रिक प्लॅनर (विजेवरचा रंधा), ट्रिमर (खाचा कोरायचं छोटं मशीन), सर्क्युलर सॉ (गोल चकतीची करवत). एक ते चार दारं बसवायची असतील तर माझं मत दुसऱ्या पर्यायाला. दार बसवताना वेळ कापण्यात जात नाही. तो जातो मापं घेण्यात, बिजागरीची खाच नेमकी करण्यात आणि दार उचलून धरण्यात, आणि मशीन यातल्या एकाही कामाचा वेळ फारसा वाचवत नाही.

मापाची हत्यारं तिन्ही पर्यायांत तीच लागतात, आणि कंजूषी सगळ्यात जास्त तिथेच होते. टेप, गुण्या (काटकोन तपासायचा), टोकदार सुरी आणि ओळंबा. स्पिरिट लेव्हल की ओळंबा, असं विचाराल तर ओळंबा. ७ फुटी चौकटीला १ फुटाची लेव्हल लावून फक्त तेवढ्या १ फुटाचं कळतं, ओळंबा वरपासून खालपर्यंतचं सांगतो. पंखा तेवढा बंद ठेवा. चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही. मग दार चौकटीच्या आकाराप्रमाणे कापायचं, गुण्याप्रमाणे नाही. वर आणि दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमी फट पुरते, खाली लादीपासून ६ ते ८ मिमी.

आता ड्रिल. वायरचं इम्पॅक्ट ड्रिल बऱ्याच घरांत आधीच असतं. भिंतीत भोकं पाडायला ते उत्तम, पण स्क्रू पिळायला धसमुसळं. बॅटरीच्या ड्रिल-ड्रायव्हरला चकमागे (बिट धरणाऱ्या तोंडामागे) आकड्यांची कडी असते, तो क्लच. आकडा कमी ठेवला की स्क्रू बसताच क्लच घसरतो आणि स्क्रूच्या डोक्याची खाच खराब होत नाही. बिजागऱ्या लावायला १२ व्होल्ट पुष्कळ झाले. गोल हँडलच्या कुलपासाठी ५४ मिमीचं होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी) फिरवायचं असेल तर मात्र १८ व्होल्टचं घ्या किंवा त्या एका भोकापुरतं वायरचं मशीन वापरा. स्क्रू कुठल्याही मशीनने लावा, आधी ३ मिमीच्या आसपासचं भोक पाडायचंच. सागवानी चौकटीत आधी भोक न पाडता पितळी स्क्रू पिळला तर तो मानेपाशी तुटतो. जाणते सुतार त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत घालून बाहेर काढतात आणि मग पितळी लावतात. हे करायला मशीनही नको.

खरी चुरस पटाशी आणि ट्रिमरमध्ये आहे. बिजागरीचं पान दाराच्या कडेत बुडवायचं असतं, आणि खाच त्या पानाच्या जाडीएवढीच खोल हवी. ४ इंची बिजागरीत ती बहुधा २.५ ते ३ मिमी असते. खाच कमी झाली तर फट वाढते. जास्त झाली तर दार मिटताना बिजागरीच्या बाजूला ताठतं, दाबून सोडलं की थोडं उघडतं. (त्यावर उपाय सोपा आहे: पानामागे पुठ्ठ्याची पट्टी.) ट्रिमरला खोली एकदा लावून दिली की प्रत्येक खाच तेवढीच खोल उतरते, हा त्याचा मोठा फायदा. पण त्यासाठी साचा लागतो, साचा दारावर घट्ट आवळावा लागतो, आणि गोल बिटमुळे कोपरे गोलच राहतात. आपल्याकडच्या बिजागऱ्यांची पानं बहुतेक चौकोनी असतात, म्हणजे शेवटी पटाशी हातात घ्यावीच लागते.

एका दाराला तीन बिजागऱ्या म्हणजे दारावर तीन आणि चौकटीत तीन, अशा सहा खाचा. जुन्या चौकटीतल्या खाचा वापरता आल्या तर उरल्या तीनच. तीन खाचांसाठी ट्रिमर घेणं मला पटत नाही. दोन डझन दारं असती तर गोष्ट वेगळी. पटाशीचा दोष एकच: नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा ती धारदार नसते. काच टेबलावर ठेवून तिच्यावर २२०, ४०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने घाला, पटाशीची पाठ सपाट घासा आणि उताराची बाजू साधारण ३० अंशांत धरून ओढा. मनगटावरचे केस निघाले की झालं. खाचेची कड पेन्सिलीने नाही, सुरीने आखा. सुरीच्या रेषेत पटाशीचं टोक आपोआप बसतं आणि लाकूड रेषेपलीकडे फाटत नाही. १ इंची पटाशीवर थोडे जास्त पैसे घालवा, अर्ध्या इंचीवर नाही घातले तरी चालेल.

रंधा की प्लॅनर? ३ फुटी दार चौकटीत ४ मिमीने मोठं आहे, तर ७ फूट लांब कड हाताने रंधायला घाम निघतो, पण काम होतं. ८२ मिमीचा इलेक्ट्रिक प्लॅनर तेच काही मिनिटांत करतो. मात्र तो कडेच्या टोकाशी सहज बुडतो आणि तिथे खड्डा पाडतो, शिवाय भुसा सगळ्या घरभर. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारच्या झोपेवरून खालच्या मजल्याचा फोन येणार हेही गृहीत धरा. भाड्याने सहज मिळत असेल आणि जास्त छिलायचं असेल तर प्लॅनर जरूर आणा. विकत नको. दाराच्या वरच्या-खालच्या कडेला मात्र हातरंधाच, तोही दोन्ही टोकांकडून मध्याकडे. एका दमात पलीकडे नेला तर टोकाच्या उभ्या लाकडाचा कपचा उडतो.

उंची कमी करायची तर करवत पुरते. बारीक दातांची घ्या, रेघेवर मास्किंग टेप लावा आणि सुरीने रेघ कापून घ्या. हातकरवतीने सनमायका खालच्या बाजूला उडतो, सर्क्युलर सॉने वरच्या. म्हणून करवतीला चांगली बाजू वर ठेवायची आणि सॉला खाली. किती कापता येईल हे दुकानातच विचारा, कारण कडेची आतली भरीव लाकडी पट्टी ठरावीक रुंदीची असते आणि ती संपली की आतली भरण उघडी पडते. मार्बल कटरला लाकडाची चकती लावून दार कापणारे पुष्कळ दिसतात. तुम्ही ते करू नका, तो हातातून उसळतो.

कुलपाच्या बाबतीत गोल हँडलचं सोपं: होल सॉ, आणि कडेतून लॅचचं भोक. मॉर्टाइज लॉक (दाराच्या कडेत खोबण करून आत बसवायचं कुलूप) घेतलंत तर काम एकदम अवघड होतं. ३० मिमी जाडीच्या दारात १६ मिमी रुंद खोबण करायची म्हणजे दोन्ही बाजूंना ७ मिमी लाकूड उरतं, आणि ड्रिल जरा तिरपं गेलं की ते फुटतं. पहिल्याच दाराला मॉर्टाइज नको, किंवा तेवढ्यापुरता सुतार बोलवा.

उचलायचं म्हणाल तर भरीव ७ बाय ३ फुटी, ३२ मिमीचं दार पस्तीस किलोच्या आसपास भरतं. एकट्याने पेलून स्क्रू लावायचा नाही. जमिनीवर छोटा लाकडी ठोकळा, त्यावर पट्टी, पट्टीच्या एका टोकावर दार आणि दुसऱ्यावर तुमचा पाय. दार मिलिमीटरने वरखाली होतं. बाजारात हवा भरायच्या पिशव्याही मिळतात, त्या छान आहेत, पण पट्टी फुकट आहे. शेजारी धरायला माणूस मात्र हवाच.

बाथरूमचं गणित निराळं. तिथे दार डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) किंवा पीव्हीसीचं घ्यावं, ते पाण्याने फुगत नाही. डब्ल्यूपीसीला हीच हत्यारं चालतात. चौकट ग्रॅनाइटची असेल तर भोकं दगडवाल्याकडूनच पाडून घ्या. हॅमर लावून ड्रिल चालवलं की कडेचा तुकडा निघतो, आणि तो परत लावता येत नाही. मुख्य दारही स्वतः बसवू नका. ते जड असतं, सुरक्षेचं असतं. उंच इमारतीत ते अग्निरोधक असू शकतं, तसं असेल तर उत्पादकाला विचारल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही.

हत्यारं विकत घ्यायला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे पटाशी हातात घेऊन, दांडा हलतोय का ते बघून घेता येतं.

आणि रंधा घरात ठेवाच. दार टांगायच्या आधी वरची आणि खालची कड प्रायमर किंवा पॉलिशने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. तरीही कोकणात किंवा मुंबईत जुलैत दार चौकटीला घासलं तर लगेच रंधू नका. जमेल तेवढं ओढून-ढकलून चालवा आणि दिवाळीपर्यंत थांबा. लाकूड वाळून आक्रसलं की बहुतेकदा घासणं आपोआप थांबतं. जुलैत रंधलेलं दार जानेवारीत बोटभर फट दाखवतं. दिवाळीनंतरही घासत राहिलं तर रंध्याचे एक-दोन हात मारा आणि कडेला पुन्हा प्रायमर लावा.