भाजीपाल्याला झिंक-बोरॉन: खरीप ते उन्हाळा वापरून

मिश्र मायक्रोन्यूट्रियंटची (झिंक, बोरॉन, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं एकत्र असलेली) बाटली यापुढे आमच्या शेतात येणार नाही. सुटं झिंक आणि सुटं बोरॉन मात्र येत राहील.

इंदूरजवळ सांवेरकडे आमची काळी जमीन. टोमॅटो, फुलकोबी, थोडी मिरची. माती तपासली तर सामू (पीएच) 8 च्या वर, म्हणजे जमीन अल्कधर्मी, झिंक 0.6 पीपीएमच्या खाली (तिथून कमतरता धरतात), बोरॉन काठावर. तांबं, मँगनीज पुरेसं. मग बाटलीतल्या त्या दोन्हींचे पैसे कशाला भरायचे? मॉलिब्डेनम तर लेबलवर ठळक छापलेलं असतं. त्याची ओढाताण आम्ल जमिनीत, आपल्याकडे ते पिकाला एरवीच मिळतं.

21 टक्क्यांचं झिंक सल्फेट एकरी 10 किलो, शेणखतात मिसळून लागवडीआधी टाकलं. डीएपी या फॉस्फरसच्या खतासोबत कालवू नका, फॉस्फरस झिंकला बांधून टाकतो. काही सऱ्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. तिथे कोवळी पानं बारीक राहिली, शिरांच्या मधे फिकट. शेजारच्या सरीत तीच पानं रुंद. एकदा टाकलेलं दोन-तीन हंगाम पुरतं, म्हणून दर पिकाला विकणाऱ्याच्या बोलण्यात येऊ नये.

खरी कमाल फुलकोबीत, आणि ती बोरॉनची. मागे गड्डा कापला की दांडा आतून पोकळ, तपकिरी निघायचा. यंदा एकरी 4 किलो बोरॅक्स जमिनीतून दिलं, आणि गड्डा धरण्याआधी 20 टक्केवालं बोरॉन लिटरला 1 ग्रॅमने फवारलं. दांडे भरीव, गड्डे पांढरे. पण हात आवरूनच टाका: बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं, जास्त झालं की पानांच्या कडा करपतात.

टोमॅटोचं वजन फार वाढलं असं मी म्हणणार नाही. फुलगळ कमी झाली, फळं कमी तडकली. इंदूरच्या चोइथराम मंडीत तडकलेला माल बाजूला काढतात, त्यामुळे पैसा वजनापेक्षा निवडीतच जास्त सुटला. फळाचा बूड काळा पडण्यावर मात्र याचा काडीचा उपयोग नाही. तिथे कॅल्शियम आणि पाण्याची पाळी बघायची.

लोहाचं गणित वेगळं. पावसाची झड लागली की आपल्याकडे सोयाबीनसुद्धा पिवळं पडतं आणि वाफसा आला की आपोआप हिरवं होतं. भाजीतही आधी पाणी काढा, मग खिसा. हिराकस (फेरस सल्फेट) या मातीत टाकलं तर बरंचसं जागीच अडकतं. त्यापेक्षा चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून वेष्टन दिलेलं: फवारायला ईडीटीए प्रकारचं चालतं, ड्रिपमधून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं. ते महाग, पण एवढ्या सामूत तेच टिकतं.

मिरचीबद्दल निकाल देत नाही. तिच्यावर चुरडा-मुरडा (पानं आकसणारा विषाणूजन्य रोग) आला होता. विषाणूने आकसलेलं पान झिंकने सरळ होत नाही, दुकानात कुणी काहीही सांगो.