मीटर ते घर ४५ मीटर: १६ चौरस मिमीची ॲल्युमिनियम केबल, आठ महिन्यांनंतर

आमचं नवं घर चिपळूणजवळ, रस्त्यापासून बरंच आत. मीटर फाटकाच्या खांबावर, डीबी (वीज घरभर वाटणारा बोर्ड) घरात, मध्ये ४५ मीटर. वायरमनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दादा, तांब्याची सहाची टाकू, अख्खी वाडी त्यावर चालते." वाडीतली घरं विजेच्या खांबाला खेटून आहेत, हे मात्र तो बोलला नाही. (सहाची म्हणजे तारेचा छेद ६ चौरस मिमी; दहाची, १६ची तशीच.)

सकाळी सातला गीझर, इंडक्शन आणि १ एचपीचा पंप एकत्र आले की २४-२५ अँपियर होतात, वर एसी राहिला चालू तर तीस. एवढा करंट सहाची केबल सोसते. अडचण व्होल्टेजची. सिंगल फेजला करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून हिशेबाला ४५ नव्हे, ९० मीटर धरायचे. सहाच्या तांब्याचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम. तीस अँपियरला आठ व्होल्ट तारेतच जिरतात, तार तापली की दहा. मे महिन्यात संध्याकाळी इथे मीटरवरच २०५ दिसतात; त्यातून दहा गेले तर पंप नुसता गुरगुरत बसणार.

तांब्याची दहाची (१.८३ ओहम) घ्यायची होती, पण भाव ऐकून १६ची ॲल्युमिनियम आर्मर्ड (पोलादी कवचाची) घेतली. तिचा रोध १.९१, म्हणजे जवळपास तेवढाच. दुकानदार ॲल्युमिनियमची दहाची गळ्यात मारत होता. ती तांब्याच्या सहाच्या बरोबरीची, मग एवढा खटाटोप कशाला? जांभ्यात अडीच फूट चर खणताना मजुरांनी मला किती शिव्या दिल्या असतील ते असो.

२८ अँपियर चालू असताना मीटरपाशी २३१ आणि डीबीत २२६ व्होल्ट मिळाले. मे महिन्यातही पंप एकदाही अडला नाही.

पण फेब्रुवारीत मेन स्विचपाशी जळका वास आला. उघडून बघतो तर न्यूट्रल काळा पडलेला. वायरमनने लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) न लावता ॲल्युमिनियमच्या तारा तशाच टर्मिनलात कोंबून स्क्रू आवळला होता. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू चेपतं, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. जोड सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. साइज अचूक काढून मी निश्चिंत होतो आणि घात झाला दोन इंचांच्या जोडावर. चरात दीड मीटरचं वेटोळं जास्तीचं ठेवलं होतं म्हणून जळकं टोक कापूनही केबल पुरली. आता दोन्ही टोकांना बायमेटल (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारे) लग क्रिंप केलेत, म्हणजे दाबून बसवलेत. दर तीन महिन्यांनी मेन बंद करून स्क्रू तपासतो.

एक चूक माझीच: केबल टू-कोर, म्हणजे दोनच तारांची घेतली. पुढे कधी इलेक्ट्रिक गाडीसाठी थ्री-फेज घ्यायचं ठरलं, तर फोर-कोर टाकायला तोच जांभा पुन्हा फोडावा लागेल. निदान एक रिकामा पाइप तरी शेजारी टाकून ठेवायला हवा होता.