जॉर्ज कार्लिनचा ‘क्लास क्लाउन’: शेवटचा ट्रॅक सुटा ऐकू नका

अमेरिकन विनोदवीर जॉर्ज कार्लिनची टीव्हीवर न चालणाऱ्या सात शब्दांची क्लिप बहुतेकांनी ऐकलेली असते, पण सुटी. मग कार्लिन म्हणजे शिव्या देऊन हसवणारा माणूस, असा समज होऊन बसतो. तो घालवायचा असेल तर ती क्लिप ज्याचा शेवटचा ट्रॅक आहे, तो ‘क्लास क्लाउन’ हा विनोदी अल्बम पहिल्या मिनिटापासून ऐकायला हवा. सगळा मिळून पाऊण तासाच्या थोडा वर जातो.

ध्वनिमुद्रण २७ मे १९७२चं, सांता मोनिका सिव्हिक ऑडिटोरियममधलं. पहिलाच ट्रॅक सोळा मिनिटांचा आहे आणि तो वर्गातल्या वात्रट पोराचा आहे. बोटं मोडणं, काखेत तळवा दाबून आवाज काढणं, ओठ फुरफुरवणं. त्या फुरफुरीला कार्लिन भाषाशास्त्रातलं भारदस्त नाव देतो : ‘बायलेबियल फ्रिकेटिव्ह’, म्हणजे आपलं द्वयोष्ठ्य घर्षक. मनाई असलेला आवाज उचलायचा आणि अभ्यासकाच्या गांभीर्याने तपासायचा, ही युक्ती इथेच कानात बसते. शेवटी तीच शब्दांवर चालते. म्हणून उडी मारून शेवटाकडे गेलात तर अर्धी गंमत हुकते.

एलपीच्या पहिल्या बाजूचा शेवट सैल आहे, ‘व्हॅल्यूज’ हा ट्रॅक तर रेंगाळतोच. दुसरी बाजू मात्र सलग भक्कम. कॅथलिक शाळा, कन्फेशन (पाद्रीपुढे पापांची कबुली), पर्गेटरी आणि लिंबो (मृत्यूनंतरच्या, स्वर्ग-नरकाखेरीजच्या अवस्था) हे सगळं वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतल्या श्रोत्यांना चटकन कळेल. इतरांनी एक गोष्ट आधी माहीत करून घ्यावी : शुक्रवारी मांस खाणं पाप होतं आणि अमेरिकेत तो नियम १९६६ मध्ये शिथिल झाला. मग आधी खाऊन नरकात गेलेल्यांचं काय, हा कार्लिनचा प्रश्न त्यावर उभा आहे. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीवरच्या तुकड्यासाठीही संदर्भ लागतो. व्हिएतनामसाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये त्याचा किताब गेला होता.

शेवटचा ट्रॅक जेमतेम सात मिनिटांचा. चार लाख शब्दांत फक्त सात वाईट, हा हिशेब आधी मांडला जातो. मग सातही शब्द तालात एका दमात येतात आणि नंतर एकेकाची चौकशी होते. त्यातला एक तर यादीत शोभतच नाही, असा निवाडाही मिळतो. इथे शिवी कुणालाच दिलेली नाही. तपासली आहे ती यादी. अल्बम सप्टेंबरमध्ये बाजारात आला, त्याआधीच २१ जुलैला मिलवॉकीच्या समरफेस्ट या संगीत महोत्सवात याच शब्दांपायी कार्लिनला अटक झाली होती. डिसेंबरमध्ये न्यायाधीशाने खटला काढून टाकला.

स्ट्रीमिंगवर ऐकताना शफल (ट्रॅकचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणं) दोन्ही बंद ठेवा, नाहीतर एका ट्रॅकचा हशा पुढच्याच्या पहिल्या वाक्यावर चढतो. जुनी एलपी घेत असाल तर दुसऱ्या बाजूचा शेवट वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तबकडीच्या आतल्या खाचांत ‘स’, ‘श’, ‘फ’ आधी फाटतात, आणि नेमका महत्त्वाचा ट्रॅक तिथेच आहे. शांत जागा भरपूर असल्यामुळे चरचरही गाण्याच्या तबकडीपेक्षा जास्त टोचते.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलेला ट्रॅक मात्र हा नव्हे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्राने ३० ऑक्टोबर १९७३च्या दुपारी लावला तो ‘फिल्दी वर्ड्स’, पुढच्या ‘ऑक्युपेशन : फूल’ अल्बममधला. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्या रेडिओ केंद्राच्या विरोधात लागला. त्या खटल्यासाठी शोधत असाल तर तो अल्बम घ्या.