ओळी परत करणारं फंक्शन: साधं एसक्यूएल की पीएल-पीजीएसक्यूएल?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळी परत करणारं फंक्शन लिहायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आपसूक पीएल-पीजीएसक्यूएलकडे, म्हणजे एसक्यूएलला प्रोग्रॅमिंगची जोड देणाऱ्या भाषेकडे जातो. देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याकडे बागायतदारनिहाय पेट्यांचा हिशेब देणारी फंक्शनं मी दोन्ही प्रकारे लिहून सांभाळली आहेत. चालतात दोन्ही. फरक कळतो तो काही अडलं की.

पीएल-पीजीएसक्यूएलची बाजू भक्कम आहे. इफ, लूप, एक्सेप्शन, मधेच रेझ नोटीस (संदेश दाखवणारी ओळ) टाकून व्हेरिएबल बघणं, हे साध्या एसक्यूएल फंक्शनात नाही. रिटर्न्स टेबलमधली (परत येणाऱ्या कॉलमची) नावं आत व्हेरिएबल होतात आणि टेबलातल्या कॉलमशी भांडतात, पण कॉलमच्या आधी टेबलाचं नाव लावलं की ते मिटतं. टेक्स्टच्या जागी व्हारकॅर हा दुसरा मजकूर-प्रकार आला तर रिटर्न क्वेरी (ओळी परत करणारी ओळ) अडते. कास्ट केलं, म्हणजे प्रकार बदलून दिला, की झालं. या गोष्टी अंगवळणी पडतात.

मला अंगवळणी पडलं नाही ते एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालते त्याचा प्लॅन दाखवणारी आज्ञा. ऐन हंगामात, एप्रिलमध्ये, हिशेब रेंगाळायला लागला. एक्सप्लेन अॅनालाइझ केलं तर 'फंक्शन स्कॅन' एवढंच, आणि एकूण वेळ. खिळे ठोकलेल्या पेटीचं वजन कळावं, आतला कुठला आंबा डागी ते कळू नये, तसं. कुठला जॉइन अडला, इंडेक्स लागला का, पत्ता नाही. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आपला १००० ओळी धरून चालतो. बाहेर लावलेली व्हेअरची अट आत पोचत नाही. आधी सगळ्या ओळी तयार होतात, मग चाळणी. आत डोकवायचं तर ऑटो-एक्सप्लेन (प्लॅन आपोआप लॉगमध्ये टाकणारं मॉड्यूल) लावा, त्यात नेस्टेड, म्हणजे फंक्शनच्या आतल्या, स्टेटमेंटचं लॉगिंग चालू करा, मग सर्व्हरचा लॉग उपसा.

तेच फंक्शन लँग्वेज एसक्यूएलमध्ये, एकाच सिलेक्टचं आणि स्टेबल (डेटा न बदलणारं) केलं, तेव्हा प्लॅनरने ते मूळ क्वेरीतच उलगडलं. टेबलं, इंडेक्स, जॉइन सगळं प्लॅनमध्ये समोर आलं, आणि दुखणं कुठे आहे ते तिथेच दिसलं. मात्र स्टेबल लिहायलाच हवं, कारण न लिहिलं तर फंक्शन व्होलाटाइल (दर वेळी निकाल बदलू शकणारं) धरलं जातं आणि उलगडत नाही. स्ट्रिक्ट (नल आलं तर नलच देणारं) किंवा सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या हक्काने चालणारं) लावलं तरी पुन्हा फंक्शन स्कॅनच.

डायनॅमिक क्वेरी किंवा खरोखरीची गुंतागुंत असेल तर पीएल-पीजीएसक्यूएलला पर्याय नाही. नुसतं वाचून द्यायचं असेल तर, माझ्या मते तरी, आधी साधं एसक्यूएल वापरून बघावं. कॉलम वाढवताना मात्र दोन्हीकडे ड्रॉप फंक्शन करावं लागतं, आणि दिलेले ग्रँट (परवानग्या) त्याबरोबर जातात. ते आधी लिहून ठेवा.