डब्लिनचे दोन बँड

हलकाफुलका आयरिश संगीतमय विनोदी चित्रपट पाहायचा म्हटले, की ॲलन पार्कर यांचा ‘द कमिटमेंट्स’ (१९९१) आणि जॉन कार्नी यांचा ‘सिंग स्ट्रीट’ (२०१६) ही नावे हमखास पुढे येतात. दोन्हींत डब्लिनमधली कडकी पोरे बँड काढतात. साम्य जवळपास इथेच संपते.

‘द कमिटमेंट्स’मधली मंडळी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे जुने सोल संगीत वाजवतात, आणि चित्रपटाची खरी गंमत गाण्यांइतकीच त्यांच्या अखंड भांडणांत आहे. भिंतीवर पोपच्याही वर एल्व्हिसची तसबीर टांगणारा बाप, किंवा जिने चढवले तर बिचारा मरेल म्हणून घोड्याला लिफ्टने वर नेणारा मुलगा, यांपैकी कोणीही आपण विनोद करतो आहोत असा आव आणत नाही. मुख्य गायक अँड्र्यू स्ट्राँग तेव्हा जेमतेम १६ वर्षांचा होता, हे त्याचा भरदार, खरखरीत आवाज ऐकताना पटत नाही.

‘सिंग स्ट्रीट’ १९८५ मध्ये घडतो. कॉनर एका मुलीवर छाप पाडण्यासाठी तिला आपल्या बँडच्या व्हिडिओत काम देऊ करतो आणि मग बँड जमवायला धावतो. थोरला भाऊ नवी तबकडी ऐकवतो, तशी याची केशभूषा आणि चाल दोन्ही बदलतात. गाणी बहुतांशी नवीन आणि गोड आहेत. शेवट मात्र जरा जास्तच गोड.

संवादांच्या धारेसाठी मी पहिलाच पुन्हा पाहीन. पण त्यातल्या शिव्यांचा मारा पाहता, घरातली वडीलधारी माणसे सोबत असतील तर दुसरा लावावा.