प्रवास आखणाऱ्या अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी: इंडोनेशियातल्या ४६ दिवसांनंतर

परवा बँकेचा मेसेज आला: उद्या कार्डावरून ३,४९९ रुपये कापले जातील. आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. बँकेत ३१ वर्षं काढल्यामुळे असे मेसेज मी न वाचता पुसत नाही. वाचला, आणि पुढचं वर्षभर हे अ‍ॅप ठेवायचं का, या प्रश्नावर मनात साठलेलं सगळं वर आलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अ‍ॅप काय करतं हे तुम्हाला ठाऊक असेलच: नकाशावर ठिकाणं टाकायची, ते क्रम लावून देतं, तिकिटं एका जागी ठेवतं, खर्च वाटून देतं. लेकीने नोव्हेंबर २०२४ मध्ये घेऊन दिलं. आम्ही दोघं निवृत्त, वेळ भरपूर, पैसा मोजून. जकार्ता, बांडुंग, जोगजा म्हणजे योग्यकर्ता, तिथून रेल्वेने जावाच्या पूर्व टोकाला, मग बाली, लोंबोक, फ्लोरेस आणि परत बाली. ८ मार्च ते २२ एप्रिल २०२५, असे ४६ दिवस. डिसेंबरात मला विचारलं असतंत तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. शहरं आणि बेटं त्याने इतकी सुंदर ओवली होती की कुठे उलटा फेरा नाही, कुठे जादा विमान नाही. ह्यांनी त्या नकाशाची छापील प्रत काढून फ्रीजवर लावली.

त्या आखणीत २९ मार्चला आम्ही बालीतल्या उबुडहून निघून बोटीने लोंबोकजवळच्या गिली एअर बेटावर जायचं होतं. अ‍ॅपनेच सुचवलेली तिथली खोली मी २९ पासून तीन रात्रींसाठी घेतली, रद्द केल्यास परतावा नाही अशी, कारण तशी ती स्वस्त पडत होती. जानेवारीत उबुडच्या होमस्टेच्या इबूंचा निरोप आला. तिकडे वयाने मोठ्या बाईला इबू म्हणतात, आपल्या मावशी-काकूसारखं. त्यांनी लिहिलं होतं: तुम्ही २९ ला सकाळी निघणार असं दिसतं, पण त्या दिवशी न्येपी आहे. कोणीच कुठे जात नाही.

न्येपी म्हणजे बालीच्या शक वर्षाचा पहिला दिवस. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट बंद. रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही. विमानतळ २४ तास बंद, जावाकडची आणि लोंबोककडची फेरीची बंदरं बंद, मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, अशी चार व्रतं. पाहुण्यांनाही सूट नाही. मुक्कामाच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

आणि माझ्या अ‍ॅपमध्ये त्या दिवसाच्या चौकटीत काय होतं? बोटीचं चित्र आणि हिरवी बरोबरची खूण. त्याच्या पुढच्याच चौकटीत, ३० मार्चला, गुढीपाडवा लिहिलेला. १४ मार्चला बांडुंगमध्ये होळीसुद्धा. म्हणजे सुट्ट्यांची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण ती मी जिथे राहते तिथली दाखवते, मी जिथे जाते तिथली नाही! हा दोष मला अजून पचलेला नाही. मी नाशिकला असताना पाडवा कधी हे सांगायला भिंतीवर कालनिर्णय आहे. अ‍ॅपला मी पैसे देते ते जिथलं मला काहीच ठाऊक नाही तिथलं सांगण्यासाठी.

तक्रार केली. पहिलं उत्तर: सुट्ट्या तुम्ही स्वतः हाताने भरू शकता. मी विचारलं, जी सुट्टी मला माहीतच नाही ती भरायची कशी? दुसरं उत्तर: कॅलेंडर तुमच्या फोनवरून येतं. तिसरं: तुमची सूचना पुढे पाठवली आहे. पुढे कुठे, ते कळलं नाही. गिलीच्या खोलीच्या दोन रात्री बुडाल्या, ४,५०,००० रुपिया एका रात्रीचे. एका रुपयाला साधारण १९० रुपिया धरले तर ४,७०० रुपये. वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त. तो आकडा मी तक्रारीत लिहिला, त्यावर उत्तर नाही. जानेवारीअखेर माझे तारे दोनवर आले.

एकदा डोळे उघडल्यावर मी इंडोनेशिया सरकारची २०२५ ची सुट्ट्यांची यादी शोधून काढली आणि सगळा प्रवास तिच्याशेजारी ठेवून पुन्हा पाहिला. ३१ मार्चला ईद. २८ मार्चपासून ७ एप्रिलपर्यंत न्येपी, ईद आणि त्यांना जोडलेल्या सामूहिक रजा मिळून सरकारी कचेऱ्या बंद. आमचा विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, आणि उतरण्याचा दिवस पहिला धरतात. ८ मार्चला उतरलो तर तिसावा दिवस ६ एप्रिल. मुदतवाढ एकदाच, आणखी ३० दिवसांची. अ‍ॅपने मुदत संपण्याच्या तीन दिवस आधीची आठवण लावून ठेवली होती, ३ एप्रिलची. त्या दिवशी अर्ज केला असता तर तो बघायला कचेरीत माणूसच नसता, आणि मुदत उलटल्यावर दिवसाला १० लाख रुपिया दंड. आम्ही बालीत लोविनाला असताना २४ मार्चलाच ऑनलाइन अर्ज केला, माणशी ५,००,००० रुपिया भरले, आणि सुट्ट्या लागायच्या आत मंजुरी हातात आली. ज्यांचा प्रवास ३० दिवसांहून लांब आहे त्यांनी विमानाचं तिकीट काढण्याआधी ही यादी पाहावी, इतकंच कळकळीने सांगते.

रेल्वेचंही तेच. ईदच्या आधी जावामधली माणसं गावी जातात, त्याला मुदिक म्हणतात. गणपतीत मुंबईतून कोकणात जाणारी गर्दी आठवा आणि ती एका अख्ख्या देशाची करा. तिकिटं ४५ दिवस आधी, जकार्ताच्या मध्यरात्री खुली होतात, म्हणजे आपल्याकडे आदल्या रात्री साडेदहाला. जोगजाहून जावाच्या पूर्व टोकाच्या केतापांगला जाणारी २२ मार्चची दिवसभराची गाडी हवी होती. ४ फेब्रुवारीला रात्री ह्यांना पासपोर्ट धरून शेजारी बसवलं आणि तिकिटं काढली. अ‍ॅपची आठवणीची सूचना मला ५ मार्चला आली. तोवर त्या गाडीत एक जागा उरली नव्हती.

बोरोबुदूर, म्हणजे जोगजाजवळचं जुनं बौद्ध स्तूपमंदिर, अ‍ॅपने सोमवारी ठेवलं होतं, १७ मार्चला. सोमवारी आवार उघडं असतं, पण स्तूपावर चढू देत नाहीत. २०२५ मध्ये चढायला दिवसाला फक्त १,२०० माणसं, परदेशी माणसाला ४,५५,००० रुपिया, आणि दगड झिजू नये म्हणून पायात त्यांनी दिलेल्या खास चपला. दिवस बदलून मंगळवार केला म्हणून वरचे स्तूप जवळून पाहता आले. जाणाऱ्याने वर चढायचंच तिकीट काढावं. नवव्या शतकातली ती शिल्पं कठड्याशी उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाहीत. तिथे मी दोन तास होते आणि एकदाही फोन काढला नाही.

आता अ‍ॅपच्या बाजूचंही लिहिते, कारण प्रवासात माझं मत पुन्हा हललं. जावा आणि बालीत एका तासाचा फरक आहे. केतापांगहून बालीतल्या गिलीमानुकची फेरी तासाभरात पोचते, पण घड्याळात दोन तास जातात, आणि उलट येताना निघालात तेव्हाच पोचता. हा हिशेब अ‍ॅपने एकदाही चुकवला नाही. दोन्ही काठांची वेळ शेजारी शेजारी दाखवली. जकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वे बांडुंग शहराच्या मध्यात जात नाही, पडालारांगला उतरून जोडगाडी घ्यावी लागते, हेही त्याने नीट सांगितलं. खर्चाचा भाग तर मला फार आवडला. रुपियातले ते लांबलचक आकडे रोज रात्री रुपयांत उतरवून बघायची सवयच लागली.

जेवणाच्या बाबतीत मात्र त्याचा भरवसा धरू नका. रमजान १ मार्चला सुरू झाला होता, जावामध्ये दुपारी बऱ्याच खानावळी बंद किंवा पडदा ओढून चालू, आणि अ‍ॅप नेमकं तिथेच दुपारचं जेवण सुचवत होतं. शाकाहारी म्हणून दाखवलेल्या पदार्थांतही तेरासी निघते, ती कोळंबीची आंबवलेली चटणी. ‘तान्पा तेरासी’, तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि टोफू मिळतातच. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी रस्त्याकडेला कोलाक मिळायचं, नारळाच्या दुधात केळं आणि माडाचा गूळ. आपल्या घरी नारळाचं दूध-गूळ आवडणाऱ्यांनी चुकवू नये.

तर २९ मार्च. आम्ही उबुडमध्येच थांबलो. आदल्या संध्याकाळी गावोगावची पोरं बांबू-कागदाचे प्रचंड राक्षस खांद्यावर नाचवत चौकात आली, ते ओगोह-ओगोह. रात्रीनंतर शांतता उतरली. इबूंनी दोन दिवसांचं जेवण आधीच करून ठेवलं होतं. खिडक्यांना पडदे, बाहेर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार फिरत होते, तेवढीच हालचाल. कोंबडे आणि बेडूक सोडून आवाज नाही. त्या दिवशी मी अ‍ॅप उघडलं आणि नेट नसताना ते पूर्ण चाललं: तिकिटं, नकाशे, व्हिसाची मंजुरी, सगळं. लोंबोक-फ्लोरेसचे अकरा दिवस मी ओसरीवर बसून नव्याने मांडले, कारण बुडालेल्या रात्रींमुळे पुढचं सगळं सरकलं होतं. दिवस ओढून इकडचे तिकडे केले, अ‍ॅप एकदाही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी सहानंतर नेट आलं तशी ती नवी आखणी लेकीच्या फोनवर पोचली. त्या दिवशी माझे तारे साडेतीनवर गेले. रात्री अंगणात दिव्याशिवाय आकाश पाहिलं. ह्यांनी माझा हात धरला होता. इतक्या वर्षांत एवढे तारे एकत्र पाहिले नव्हते.

सकाळी आमचा पाडवा. साखरेच्या गाठी आणि खण मी नाशिकहून नेला होता, तांब्या इबूंनी दिला, बांबूची काठी त्यांच्या मुलाने तोडून आणली. कडुनिंब तिथेही आहे, ते इंतारन म्हणतात. गुढी उभी राहिल्यावर इबूंनी आम्हाला आत नेऊन भिंतीवरची त्यांची दिनदर्शिका दाखवली. आपल्यासारखीच, बारीक अक्षरांनी गच्च भरलेली, पौर्णिमा-अमावास्येच्या खुणा केलेली. वर्षाच्या जागी आकडा होता १९४७. आपला शालिवाहन शकही त्या दिवशी १९४७ लागला. इसवी सन ७८ पासून मोजलेलं तेच शक, तेच वर्ष, एका दिवसाच्या फरकाने सुरू झालेलं. मी तो आकडा बोटाने दाखवून ‘आमचंही हेच’ म्हटलं, तेव्हा इबूंनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

पुढचा लोंबोक आणि फ्लोरेसचा भाग सुरळीत गेला, त्यावर वेगळं लिहीन. एवढंच सांगते की फ्लोरेसच्या लाबुआन बाजोला लाटा वाढल्या की बंदर अधिकारी छोट्या बोटी सोडत नाहीत, आणि अ‍ॅपवर तेव्हाही हिरवी खूण असते. दोन दिवस मोकळे ठेवा. आम्ही ठेवले होते, त्यातला एक लागला.

शेवटी पुन्हा तोच दोष भोवला. २२ एप्रिलला देनपसार विमानतळाकडे जाताना घराघरापुढे उंच वाकलेले बांबू उभे करत होते. टोकाला नारळाच्या झावळ्यांची नक्षी, दाण्यांच्या ओंब्या, फळं. त्याला पेंजोर म्हणतात. मला तर गल्लीभर गुढ्याच दिसल्या. ड्रायव्हरने सांगितलं, उद्या गालुंगान, २१० दिवसांनी येणारा मोठा सण. व्हिसाचे दिवस आमच्याकडे शिल्लक होते. डिसेंबरात कोणी सांगितलं असतं तर त्याच भावात २४ चं तिकीट काढलं असतं. मी विमानतळापर्यंत खिडकीला नाक लावून बसले होते आणि मला रडू आलं.

परवा तो मेसेज आल्यावर एक संधी म्हणून अ‍ॅप पुन्हा उघडलं. पुण्याची भाची लग्नानंतर मार्च २०२६ मध्ये बालीला जायचं म्हणते आहे. तिच्या नावाने नवा प्रवास टाकला, १५ ते २५ मार्च. २०२६ मध्ये न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी आहेत, १९ मार्चला, आणि २१-२२ ला ईद. अ‍ॅपने १९ तारखेच्या चौकटीत वर गुढीपाडवा लिहिलं, आणि खाली बालीतल्या सानूरहून नुसा पेनिडा बेटाला जाणारी सकाळची बोट सुचवली. हिरव्या खुणेसकट.

वर्गणीची परवानगी मी बँकेच्या अ‍ॅपमधून रद्द केली, पैसे कापले गेले नाहीत. दोन तारे. भाचीला सांगितलं आहे की १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत उबुडला पोच, २० पर्यंत तिथून हलू नकोस. इबूंचा नंबर दिला आहे. त्यांनी १९ तारखेची खोली तिच्यासाठी धरून ठेवली आहे.