नॉर्थ प्लॅटचे सैनिक-कॅन्टीन : एका सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट गावी लिंकन काउंटीचे ऐतिहासिक संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात गावच्या रेल्वे स्थानकावर सैनिकांना मोफत खाऊ देणारे कॅन्टीन चालत असे, त्याच्या आठवणी तेथे जतन केलेल्या आहेत. त्या पाहताना मन मांडणीपेक्षा त्यामागच्या सेवेतच गुंतले, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या सेवेचे आहे.

१७ डिसेंबर १९४१ रोजी नेब्रास्काच्या ‘कंपनी डी’ या लष्करी तुकडीतील आपली मुले येणार, या समजुतीने गावकरी खाऊ घेऊन स्थानकावर जमले, प्रत्यक्षात आले ते कॅन्ससच्या ‘कंपनी डी’चे जवान. क्षणभर सारे गोंधळले, पण आणलेला खाऊ कोणी घरी परत नेला नाही, तो त्याच परक्या मुलांच्या हाती दिला. हे पाहिलेल्या रे विल्सन या तरुणीने स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून प्रत्येक लष्करी गाडीचे असेच स्वागत करण्याचे आवाहन केले आणि नाताळच्या दिवशी काम सुरू झाले. ते १ एप्रिल १९४६ पर्यंत चालले व सुमारे ६० लाख सैनिकांना त्याचा लाभ मिळाला. गावाची वस्ती तेव्हा जेमतेम १२ हजारांची होती!

सर्वांत मोलाचे वाटते ते वेळेचे भान. वाफेच्या इंजिनात पाणी भरून होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटेच गाडी थांबत असे. तेवढ्यात शेकडो जवान धावत आत येत, आणि सँडविच, उकडलेली अंडी, केक, कॉफी व मासिके आधीच टेबलांवर मांडलेली असल्यामुळे कोणालाही ताटकळावे लागत नसे. ज्यांना गाडीतून उतरता येत नसे, त्यांच्यापर्यंत मुली टोपल्या घेऊन जात. ज्याचा वाढदिवस असेल त्याला अख्खा केक मिळे. साखरेचे रेशनिंग असताना गृहिणी स्वतःच्या वाट्याची साखर त्यासाठी बाजूला काढत, हे वाचून माझे डोळे पाणावले.

सैनिकाकडून एक पैसाही घेतला जात नसे. आसपासच्या सुमारे १२५ गावांनी दिवस वाटून घेतले होते. ज्या गावाची पाळी असे, तेथील बायका घरून पदार्थ करून आणत. सरकारी अनुदान नव्हते, रेल्वे कंपनीने स्थानकातील जागा दिली आणि बाकीचा खर्च देणग्या, भंगारविक्री व लिलाव यांतून भागवला गेला. घराबाहेर पडलेल्या मुलाला शिदोरी देणाऱ्या आपल्याकडच्या आईला या बायका परक्या वाटणार नाहीत.

मूळ स्थानक १९७३ मध्ये पाडण्यात आले, याची हळहळ वाटते. त्यामुळे आधी संग्रहालय पाहावे आणि मगच स्थानकाच्या जागी जावे, म्हणजे तेथील मोकळ्या जमिनीवर टेबले कोठे असतील आणि मुले कोणत्या बाजूने धावत आली असतील, याची कल्पना करता येते. नेब्रास्कातून जाणाऱ्या प्रवाशाने यासाठी निदान दोन तास हाताशी ठेवावेत.